आठ नंबरचा किडा

तांडापेठेत आमच्या घरात जिथे माग होता
तिथे आता टेबल आहे, टेबलाला कसलेला लोखंडी चिमटा,
चिमट्यात आठ नंबरचा गळ.
दोऱ्याच्या रिळाला हे लोक बॉबिन म्हणतात.
मी कांडीच म्हणतो.

आधी शिशाची तार, अकरा वेढे.
नाहीतर तरंगत राहील आणि माशाला हसू येईल,
असं ठेकेदार सोरते सांगतो.
त्यानेही तो मासा पाहिलेला नाही.
मग शेपटी. हंसाच्या पिसाची टोकं, दोन.
दोनच.
तीन झाली की तो दुसराच किडा,
आणि नग परत.

पोटाला सशाचे केस, मेणाच्या दोऱ्यावर वळून.
पाठीवर टर्कीचं पीस दुमडून पंखांचे कोंब,
एकामागे एक दोन जोड्या, अजून न फुटलेले.
पाय सहा. सारखे.
सारखे म्हणजे सारखे, सोरते पट्टी लावून बघतो.
शेवटी न दिसणारी गाठ, वार्निशचा थेंब.
खोक्यावर छापलंय स्टोनफ्लाय निम्फ.
शेवंता म्हणते, दगडमाशीचं पोर.

मे महिन्यात कूलर लावता येत नाही,
पिसं उडतात.
शेहेचाळीस अंशात, बनियनवर, मी करत बसतो
बर्फ वितळलेल्या पाण्यातला किडा.
कोपरावरून घाम टपकतो. केस ओले झाले तर
तोही नग परत.
एकदा सोरतेने मोबाइलवर ट्राउट दाखवला होता:
अंगभर ठिपके, जणू कुणी
वार्निशचा कुंचला झटकून दिला.
सामन दाखवायच्या आधी बॅटरी संपली.

बा म्हणायचा, दोरा ओढायचा तो
तुटायच्या एक बोट अलीकडे थांबून.
नऊवारीच्या काठासाठी सांगितलेलं
या नखाएवढ्या पोटाला पुरतं.
बाचं बोट अंधारातही तुटका धागा शोधायचं.
माझ्या बोटाला आता
पिसाची सुलटी-उलटी बाजू कळते,
एवढंच.

मागच्या पौषात दुधराम बावणेच्या मागे बसून
पारशिवनीच्या वर पेंचवर गेलो. खिशात एक नग.
दुधरामचं अख्खं घराणं ढिवराचं.
त्याने तो तळहातावर घेतला, उलटा केला, फुंकर मारली.
"हे खाईन कोन गा?
गांडूळ लाव ना याले."
तरी बांबूला बांधून टाकला त्याने, दोनदा, तीनदा.
काही आलं नाही. पाणी
आपल्या कामाला निघून गेलं.

मग बिडी पेटवता पेटवता
त्याने पायानेच एक दगड उलटला.

खालच्या ओल्या अंगाला चिकटून, चपटा,
काळपट पिवळा,
शेपट्या दोन,
पंखांचे कोंब दोन जोड्या.
मी सवयीने मोजत होतो.
इतकी वर्षं जे पाठ केलं
ते इथे चालत होतं,
नागपूरपासून दोन तासांवर, कुणी न बांधता.
पाय मोजले. सहा.
मागचा डावा अर्धाच.
कुठेतरी तुटलेला, किंवा नव्याने फुटत असलेला.

सोरतेने हा परत पाठवला असता.

"काय झालं बे?" दुधराम म्हणाला.
मी म्हटलं, दगड होता तसा ठेव. हळू.
शेजारच्या कोरड्या खडकावर एक रिकामं साल होतं,
पाठीवर उभं चिरलेलं. ते मी उचललं,
पण कामठीच्या पुढे कुठेतरी
खिशातच त्याचा भुगा झाला.

रात्री ग्रोस पूर्ण करायचा होता.
शेवटच्या नगाचा मागचा डावा पाय
मी कातरीने अर्धा केला.
शेवंता मोजायला बसली. एकशे चव्वेचाळीस.
शेवटच्यावर तिचं बोट थांबलं.
माझ्याकडे बघितलं. मी दोरा गुंडाळत होतो.
तिने झाकण लावलं
आणि म्हणाली, वार्निशची बाटली उघडीच राहिली
तुमची.